मॅक्रो लेन्ससाठी हप्ते नको पाडू भाऊ, आधी बॅगेतली ५५-२५० काढ

पत्र:

दादा, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला. लग्नाच्या सीझनमध्ये एका स्टुडिओवाल्यासोबत दुसऱ्या कॅमेऱ्यावर असतो, बाकी वर्षभर घरचं वावर, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. माझ्याजवळ सेकंडहँड कॅनन १५००डी आहे, त्याच्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन झूम लेन्स मिळाल्या. आता मला किडे, कोळी, फुलपाखरं, पानावरचं दव असं एकदम जवळून काढायचा नाद लागला. व्हिडिओत सगळे १०० एमएमची मॅक्रो घ्या म्हणतात. ती हप्त्यावर मिळते, पण बाबा म्हणतात कापूस अजून घरात यायचा आहे, तुला काहून पाहिजे एवढ्या पैशाची काच. हाती सात-आठ हजार आहेत. त्यात काही होईल का? रिव्हर्स रिंग, ट्यूब, फिल्टर यातलं काय घेऊ? बाबांच्या मोबाईलला क्लिपवाली लेन्स चालते का, ते कृषी सहायकाला किडीचे फोटो पाठवतात आणि ते नेहमी धुरकट येतात. आणि पुढंमागं जुनी मॅक्रो घेतलीच तर काय पाहून घेऊ?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:

भाऊ,

आधी बाबांचं ऐक. हप्ते पाडू नको. तूच लिहिलं की काम लग्नाच्या सीझनला, म्हणजे आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामा, आणि हप्ता तर दर महिन्याला बँकेतून आपोआप कटतो, त्याला चातुर्मास माहीत नसतो. मॅक्रो लेन्स वाईट असते असं नाही, ज्याला झेपते त्यानं खुशाल घ्यावी, पण ती जे काम करते त्यातलं बरंचसं काम तुझ्या बॅगेत पडून असलेल्या ५५-२५०कडून करून घेता येते, आणि हे तुला त्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं नाही कारण त्यांना लेन्सची लिंक द्यायची असते.

थोडं गणित पाहून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजते. किडा खरा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटला की त्याला १:१ म्हणतात, मॅक्रो लेन्स विकतात ती याच आकड्यावर. तुझ्या १५००डीचा सेन्सर २२.३ एमएम रुंद आहे, म्हणजे १:१ला फ्रेममध्ये रुंदीला साधारण २२ एमएमची जागा येते. आता पऱ्हाटीच्या पानाखालचा तुडतुडा घे, तोच तो हिरवट, हात लावला की तिरका चालत पळणारा. तो तीनेक एमएमचा. तुझा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, तर १:१ला तुडतुडा ८०० पिक्सेलच्या आसपास येईल, त्याच्या पंखावरचा काळा ठिपका साफ दिसेल. तुझ्या १८-५५नं ५५वर जाऊन जेवढं जवळ जाता येते तेवढं गेला (१५००डीसोबत बहुतेक आयएस टू वाली येते, ती ०.३४पर्यंत, म्हणजे खऱ्या आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते) तर तोच तुडतुडा पावणेतीनशे पिक्सेलचा. म्हणजे तू आत्ता जे काढतो आणि ती महागाची मॅक्रो लेन्स जे काढते त्यात फरक साधारण तिपटीचा आहे. तेवढी तीन पट कुठून आणायची एवढाच प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं स्वस्त आहेत.

माझं पहिलं उत्तर तीच ५५-२५०. नुसती ती लेन्स जवळून एकदम ढ आहे, साधारण मीटरभराच्या आत फोकसच घेत नाही. पण तिच्यापुढं एक भिंग लावलं की चित्र बदलते. बाबांचा वाचायचा चष्मा असतो ना, +२ का +२.५ नंबरचा, क्लोजअप फिल्टरचा (लेन्सपुढं लावायच्या भिंगाचा) नंबर म्हणजे तेच माप. पैसे खर्च करायच्या आधी आज रात्रीच करून पाहा, लेन्स २५०वर, फोकस मॅन्युअल करून लांबवर, आणि चष्म्याची एक काच लेन्सला चिकटवून धर, मग कॅमेरा मागंपुढं करत नेला की अर्ध्या मीटरवर दहा रुपयाच्या नोटेवरची बारीक अक्षरं फोकसमध्ये येतील. हिशोब असा: लेन्सचा एमएम गुणिले भिंगाचा नंबर, भागिले हजार. २५० गुणिले २, भागिले १०००, झालं ०.५. नंबर ४ असेल तर १, म्हणजे सरळ १:१. आणि अंतर म्हणजे १०००ला नंबरनं भागायचं, +४ असेल तर २५० एमएम, बिचारा किडा एक वीतभर लांब बसलेला राहतो. वावरात या वीतभर अंतराची किंमत फार असते, सावली पडत नाही आणि फुलपाखरू उडत नाही.

आता भिंग कोणतं. बाजारात +१, +२, +४, +१० असा चार फिल्टरचा सेट मिळतो, पाचशे ते हजाराच्या दरम्यान, तुझ्या दोन्ही लेन्सची पुढची चूड (फिल्टर फिरवून बसवायचे आटे) ५८ एमएमची असते त्यामुळे एकच सेट दोघींना बसेल, पण घ्यायच्या आधी लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत ५८ लिहिलं आहे का ते पाहून घे. हे फिल्टर एका काचेचे असतात, म्हणून कडेला जांभळी-हिरवी रेघ येते आणि फोटोचे कोपरे लोण्यासारखे मऊ पडतात. एफ ८ ते एफ ११ केलं, म्हणजे लेन्सचं उजेडाचं भोक लहान केलं, आणि किडा मधोमध ठेवला तर बरंच झाकल्या जाते. यातला +४च कामाचा. +१०वाला डब्यातच राहू दे, त्यानं फक्त नाद सुटतो.

चांगलं भिंग म्हणजे दोन किंवा तीन काचा जोडून केलेलं, त्यात ही रंगाची रेघ जवळपास नसते. रेनॉक्स नावाच्या जपानी कंपनीचे दोन प्रकार मॅक्रोवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आले, डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५०. चिमट्यासारखी कडी असते, ५२ ते ६७ एमएमच्या कुठल्याही लेन्सवर टचकन बसते. १५०चा नंबर ४.८, तुझ्या २५० एमएमवर १.२ पट, किड्यापासून साधारण २१ सेंटिमीटर. २५०चा नंबर ८, म्हणजे थेट दुप्पट, पण अंतर १२-१३ सेंटिमीटरवर येते आणि एवढ्या मोठेपणावर हात इतका हलतो की नवीन माणूस चार दिवसात कंटाळतो. लोक मोठा आकडा पाहून २५० घेतात. तू १५० घे. नवी घेतली तर तुझ्या पैशातला मोठा वाटा तीच खाईल, भाव सारखा वर-खाली होतो, दोन-चार ठिकाणी पाहून घे, जुनी मिळाली तरी चालते कारण त्यात बिघडायला काही नाहीच, फक्त ओरखडा आणि बुरशी पाहायची. कॅननचीसुद्धा याच जातीची २५०डी आणि ५००डी नावाची स्क्रू करून बसवायची भिंगं होती, जुन्या सामानात कुठं ५८ एमएमची दिसली तर सोडू नको.

एक गंमत सांगतो जी सुरुवातीला फार कामात येते. फोकस लांबवर ठेवून भिंग लावलं असेल तर झूम फिरवला तरी किड्यापासूनचं अंतर बदलत नाही. म्हणजे आधी ८०-१००वर ठेवून किडा शोधायचा, फोकसमध्ये आणायचा, मग जागेवरूनच २५०पर्यंत न्यायचं. अस्सल मॅक्रो लेन्समध्ये ही सोय नाही. ऑटोफोकस बंदच ठेव, श्वास रोखून पूर्ण अंग मागंपुढं करायचं, डोळा चमकला की बटण दाबायचं.

ट्यूबचं आता. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही, लेन्सला सेन्सरपासून लांब नेते एवढंच. म्हणून क्वालिटी बिघडत नाही असं सगळे सांगतात ते खरं, पण त्यासोबत दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही की ट्यूब छोट्या लेन्सवर चालते आणि लांब लेन्सवर झोपते. नळीची लांबी भागिले लेन्सचा एमएम, तेवढा मोठेपणा वाढतो. ५५वर ३६ एमएमची नळी लावली तर ०.६५ वाढला, आधीचा ०.३४ धरून जवळपास १:१ झालं. तीच नळी २५०वर लावली तर ०.१४, म्हणजे काहीच नाही. आणि ५५वर १:१ झालं तरी लेन्सचं तोंड किड्यापासून चार-पाच बोटांवर, नाकतोडा काय थांबणार आहे तुझ्यासाठी. शिवाय १:१ला दोन स्टॉप उजेड खाल्ल्या जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. घ्यायचीच असेल तर कॅमेऱ्याचा करंट लेन्सला पोचवणारी सोनेरी पिनावाली ऑटो ट्यूब घे, १३-२१-३१ किंवा १२-२०-३६ अशा तीन नळ्यांचा संच येतो. बिनपिनाची दोन-तीनशेची असते तिच्यात कॅननची लेन्स पूर्ण उघडीच राहते, एफ नंबर बदलत नाही, आणि एसटीएम (कॅननची एक मोटरवाली जात) लेन्स असेल तर हातानं फोकस रिंग फिरवली तरी आत काही हलत नाही कारण ती रिंगसुद्धा करंटवर चालते.

पण तुझ्या धंद्याच्या बाजूनं पाहिलं तर ट्यूबचा एक फायदा आहे. पुढच्या सीझनला पैसे आले की तू ५० एमएम एफ १.८ घेशीलच, लग्नवाले सगळेच घेतात. तिच्यावर ऑटो ट्यूब लावली की अंगठी, मंगळसूत्राच्या वाट्या, मेंदीच्या हातावर लिहिलेलं नवरदेवाचं नाव, असले फोटो अल्बमला जे लागतात ते असे निघतात की स्टुडिओवाला तुलाच पुढं करेल. अंगठी उडून जात नाही, तिला चार बोटांचं अंतर चालते. किड्यासाठी भिंग, दागिन्यासाठी ट्यूब.

रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त, दोन-चारशेची, ५८ एमएम ते कॅनन ईओएस अशी मागायची. १८-५५ उलटी करून लावली की ५५वर साधारण १:१च्या जवळ आणि १८कडे नेत गेलं की वाढत वाढत तिपटीच्या वर, हो, उलटी लेन्स उलटंच वागते. नाद आहे का फक्त लाईकची हौस आहे हे तपासायला रिंग बरी. अडचणी मात्र बऱ्याच आहेत. लेन्सची मागची काच उघडी पडते आणि आपल्याकडची काळी माती, उन्हाळ्यातला फुफाटा तुला माहीतच आहे. करंट नसल्यानं एफ नंबर बदलत नाही, त्यावर जुगाड असा की लेन्स सरळ लावून एफ ११ ठेवायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू (ठेवलेला एफ नंबर आधीच लावून दाखवणारं बटण) दाबून धरायचं आणि दाबलेल्या अवस्थेतच लेन्स काढायची, भोक लहान-मोठं करणारी आतली पाती तिथंच अडकून राहतात. ज्या कॅमेऱ्याला त्याचं वेगळं बटण नसते तिथं मेनूत जाऊन सेट बटणाला तेच काम देता येते का ते पाहायचं. आणि सगळं वजन पुढच्या प्लास्टिकच्या चुडीवर लटकते, धक्का लागला की लेन्स गेली. तुझ्याजवळ लग्नाला चालणारी एकच १८-५५ आहे, तिच्या जिवावर हा खेळ मला पटत नाही.

त्यापेक्षा एक काम कर, आर्णी, दारव्हा, दिग्रस, जिथं कुठं जुना रोलचा जमाना पाहिलेला स्टुडिओ असेल तिथं जाऊन बस. या लोकांच्या माळ्यावर डार्करूमचं एन्लार्जर पडलेलं असते, ब्लॅक अँड व्हाइट फोटो धुताना निगेटिव्ह मोठी करायचं यंत्र. त्याच्या खाली एक छोटी लेन्स असते, बहुतेक ५० एमएम, मुठीत मावेल एवढी, तिला स्वतःची एफ नंबरची रिंग असते. एन्लार्जरची लेन्स बनवतातच जवळून सपाट गोष्ट कडेपर्यंत टोकदार दाखवायला, म्हणून मॅक्रोला ती फार छान चालते. तिची चूड बहुतेक ३९ एमएमची, त्याला एक ३९ ते ४२ची रिंग, मग ४२ ते कॅननचं ॲडॉप्टर, आणि मध्ये स्वस्तातली बिनपिनाची ट्यूब, कारण इथं करंट लागतच नाही. ६५ एमएमची पूर्ण ट्यूब लावली की १:१च्या वर जाते. फोकसची रिंग नसते, कॅमेराच मागंपुढं. निकॉनची ईएल-निक्कोर, जर्मन श्नायडर किंवा रोडेनस्टॉक असं काही नाव दिसलं तर काका जे म्हणतील ते देऊन टाक, बरेचदा ते चहा पाजून फुकटच देतात, वर त्यांच्या तरुणपणीच्या दोन गोष्टी ऐकाव्या लागतात, त्या ऐकण्यासारख्या असतात.

हे झालं काचेचं. आता उजेड, कारण तुझे फोटो खराब येत असतील तर माझा संशय लेन्सवर कमी आणि उजेडावर जास्त आहे. १:१ला एफ ८ ठेवलं तरी फोकसमध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटरच येते. तुडतुड्याचा डोळा आला तर पंखाचं टोक गेलं. म्हणून एफ ११ लागते, एफ ११ केलं की अंधार होतो, शटर कमी केलं की हात हलतो, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) वाढवला की १५००डी दाणे दाणे करते. या फेऱ्यातून फ्लॅशच सोडवतो. तुझ्या कॅमेऱ्यावरचा जो उघडणारा छोटा फ्लॅश आहे, ज्याला लग्नात कोणी हात लावत नाही, तो इथं पुरतो. मॅन्युअल मोड, १/२००, एफ ११, आयएसओ २००, आणि फ्लॅशची ताकद मेनूतून एक स्टॉप कमी. फ्लॅशची झळक इतकी लहान असते की थोडाफार हाललेला हातही गोठून जातो.

फक्त तो फ्लॅश उघडा वापरू नको, किड्याच्या पाठीवर पांढरा ढब्बा पडतो आणि लेन्सचीच सावली फोटोत येते. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यात जो पातळ पांढरा फोमचा कागद गुंडाळून येतो तो घे, वहीच्या दोन पानांएवढा काप, मधोमध पण थोडं खालच्या बाजूला लेन्स आत जाईल एवढं गोल भोक पाड, आणि लेन्सच्या पुढच्या टोकावर कॉलरसारखा चढवून रबरबँडनं आवळ. वरचा भाग थोडा पुढं वाकवायचा, छपरासारखा. फ्लॅश मागून त्या फोमवर पडतो आणि पूर्ण फोमच दिवा होऊन जातो, ढालकिड्याच्या पाठीवर मग ढब्ब्याऐवजी गुळगुळीत चमक येते. खर्च शून्य. मागचं एकदम काळं येत असेल, रात्री काढल्यासारखं, तर किड्याच्या मागं वीतभरावर एखादं पऱ्हाटीचं पान दुसऱ्या फांदीला अडकवून ठेव, त्यावर फ्लॅश पडून मागं हिरवं येते.

वेगळा फ्लॅश घ्यायचा विचार आला तर एक सावधगिरी, १५००डीच्या हॉट शूवर (वरून फ्लॅश बसवायची खाच) मधली पिन दिलेली नाही, त्यामुळे हजार-दीड हजारातले एकाच पिनावर चालणारे मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर पेटतच नाहीत. दुकानदार निकॉन-कॅनन सगळ्याला चालते म्हणेल, कॅमेरा सोबत नेऊन लावून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

वावरात जायची वेळ उगवतीची. रात्रीच्या गारव्यानं किडे जड झालेले असतात, पंखावर दव असते, तू वीतभरावर गेला तरी हलत नाहीत, आणि वाराही तेव्हाच पडलेला असतो. नऊ वाजले की घरी ये. वारा असेलच तर एक तुराटी जमिनीत रोवून कपड्याच्या चिमट्यानं पान तिला धरून ठेव. त्याहून सोपं म्हणजे पानाचा देठ डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवायची, मग वारा आला तर पान आणि लेन्स सोबतच हालतात, फोकस टिकते. सगळे मॅक्रोवाले हेच करतात, पण रेनॉक्सच्या वीतभर अंतरावर हे जरा ताणूनच बसते, कोपर गुडघ्यावर टेकवावं लागते. खाली बसायला खताचं रिकामं चुंगडं ने. बसायच्या आधी काडीनं पालापाचोळा हलवून घे, घोणस पाण्याच्या पाटाशी आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) गवतात निवांत पडून असते आणि ती फोटोसाठी उठून दाखवत नाही.

आणि फवारणी. हे मी उगीच नाही लिहीत, २०१७ साली तुझ्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले ते घरोघरी आठवते. तू फोटो काढताना पानापासून वीतभरावर तोंड नेणार, पानं हातानं उलटणार. ज्या तुकड्यात फवारा मारला तिथं डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत जायचं नाही, शेजाऱ्याच्या वावरात जायच्या आधी त्याला विचारायचं. तसंही फवारलेल्या पऱ्हाटीत तुला काढायला काय मिळणार. धुऱ्यावरची तरोटा, रुई, बोरीची झुडपं, तिथं कोळी, मुंग्या, मावा आणि माव्यावर चरणारे ढालकिडे सापडतात. संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड असेल घराजवळ तर कोवळ्या पानावर चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोध, लिंबावरच्या फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि ती पळून जात नाही म्हणून शिकायला एक नंबर. किडा फ्रिजमध्ये ठेवून, फेविक्विकनं चिकटवून फोटो काढायचे सल्ले मिळतील, तसले फोटो मला पाहायलाही आवडत नाहीत.

आता बाबांचा मोबाईल, आणि खरं सांगू का, तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटला. क्लिपवाली लेन्स चालते, चांगली चालते. दोन-चारशेवाल्या तीन लेन्सच्या सेटमधली वाइड आणि फिशआय विसरून जा, नुसती मॅक्रोवाली काच बरी असते. ती मेन कॅमेऱ्यावरच बरोबर मधोमध बसवायची, बऱ्याच नवीन मोबाईलमध्ये तीन-तीन डोळे असतात आणि जवळ गेलं की मोबाईल आपल्या मनानं दुसऱ्या डोळ्यावर उडी मारतो, सेटिंगमध्ये ते बंद करून टाक. अंतर दोन-तीन सेंटिमीटर, त्याच्या पुढं-मागं सगळं धूर. बाबांचे फोटो बहुतेक त्यानंच धुरकट येतात, की ते उभ्यानं पानाच्या अगदी जवळ मोबाईल नेतात आणि तिथं मेन कॅमेऱ्याला फोकसच मिळत नाही. स्वस्त मोबाईलवर 'मॅक्रो' म्हणून दोन मेगापिक्सेलचा जो डोळा देतात त्याच्यापेक्षा मेन कॅमेऱ्यानं थोडं लांबून काढून कापलेला फोटो बरा. आणि क्लिप घ्यायचीही नसेल तर घड्याळ दुरुस्तीवाल्याजवळ डोळ्याला लावायचं काळं भिंग असते, तसलं एक आणून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर टेकवून धरलं तरी कामापुरतं होते, शिवाय नुसत्या डोळ्यानं पानाखालचे फुलकिडे मोजायलाही तेच कामात येते.

कृषी सहायकाला नुसता किड्याचा मोठ्ठा फोटो पाठवला तरी त्याला अर्धंच कळते. बाबांना सांग, एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा, आणि मग किड्याचा, शेजारी एक रुपया ठेवून, म्हणजे आकार समजतो. गुलाबी बोंडअळीचा संशय असेल तर डोमकळी शोधायची, जे फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं राहते, ते तोडून पाकळ्या हळू उघडून आतल्या अळीचा फोटो. हे काम तूच सकाळी कॅमेऱ्यानं करून दिलं तर बाबा पुढच्या वेळी काचेचं नाव काढल्यावर एवढे तापणार नाहीत.

राहिली जुनी मॅक्रो. दोन-तीन सीझन या भिंगावर काढून झाले, हात बसला आणि तरीही अडलं असं वाटलं तर नागपूर-अमरावतीत जुन्यात पाहा. तुझ्या कॅमेऱ्याला कॅननची ईएफ-एस ६० एमएम, टॅमरॉनची ९० किंवा टोकिनाची १०० एमएम, तिन्ही १:१ जातात, तिन्ही कॅननच्या १०० एमएमच्या नव्या एल (महागड्या वर्गातल्या) लेन्सहून बऱ्याच कमीत मिळतात. किड्यांसाठी ९० किंवा १०० बरी, अंतर जास्त मिळते. पाहायचं काय, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, तीच पाहायची. पाती पूर्ण उघडी करून एका बाजूनं मोबाईलची टॉर्च मारायची आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं पाहायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की नको. धुळीचे चार कण असतील तर चालते. मग लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून सगळ्यात जवळच्या फोकसवर एफ ११ला फोटो काढून पाहा, पाती अडकत असतील तर तिथंच कॅमेरा एरर दाखवतो. आणि दुकानदार टॉर्च लावू द्यायला कां-कूं करत असेल तर लेन्स काउंटरवर ठेव आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी ये.